तोंडाला घडीव, पोटात डबर

ज्या पुलाला अठरा टनांचा दाखला मी दिला तो पूल मी कधी पाहिलेला नाही. पूल वेल्समध्ये, डोंगरातल्या एका ओढ्यावर. मी सिंगापुरात, क्लेमेंटीला, नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आमच्या ऑफिसचा धंदाच तसा आहे. तिकडचा माणूस पुलापाशी जाऊन पट्टी लावून फोटो काढतो आणि आम्ही इकडे एसीत बसून ठरवतो की त्यावरून काय जाऊ शकतं. आम्ही स्वस्त पडतो म्हणून. हे ऑफिसात कुणी बोलत नाही.

पूल म्हणजे एकच दगडी कमान, नऊ मीटरची, दोनशे वर्षांपूर्वीची. कायद्यानं जपलेली वास्तू. परवानगीशिवाय त्यातला दगड हलवायचा नाही, भोक पाडायचं नाही, चुन्याऐवजी सिमेंट वापरायचं नाही. इतका जपलेला की तो आतून कसा आहे हे जिवंत माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं वेल्श नाव आमच्यापैकी कुणाला उच्चारता येत नसे, म्हणून ऑफिसात तो नुसता चारशे सतरा नंबर.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी घरी लॅपटॉपवर मेल बघत होतो. तिकडच्या मोठ्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपचं खोदकाम निघालं होतं. उद्या सकाळपासून वाहतूक चारशे सतरावरून वळवणार. सोबत तक्ता होता: कोणतं वाहन, किती वाजता, वजन किती. पहिलंच नाव शाळेच्या बसचं. तेहतीस सीट, मुलांसकट बारा टन, सकाळी आठ पस्तीस. त्याखाली दुधाचा टँकर. शेवटच्या रकान्यात माझ्या रिपोर्टचा नंबर आणि पुढं लिहिलेलं, मान्य.

आबा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. आबा म्हणजे माझे वडील. दोन महिन्यांसाठी आले होते. वय एकाहत्तर, सगळं आयुष्य कराडच्या आसपास गवंडीकाम. घाटातल्या रस्त्याखालच्या जुन्या दगडी मोऱ्या त्यांनी डागडुजी करून उभ्या ठेवल्यात. इथं त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते लिफ्टपाशी थांबून टाइल्सचा दर्जा बघायचे आणि ज्यानं बसवल्यात त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

"ह्यो कुठला?" त्यांनी फोटोकडं बोट केलं.

मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनला नाक लावलं. फोटोत कमानीच्या कडेला लावलेली पिवळी पट्टी दिसत होती. अठरा इंच.

"पट्टी कुठं लावलीया?"

"दगडाला. कमानीची जाडी आहे ती."

"तोंडाच्या दगडाला लावलीया." ते थांबले. "आन् पोटात?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी टेबलावर वल्लरीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, दोन वह्या उभ्या केल्या आणि मधे रुमाल घडी करून ठेवला. या दोन वह्या म्हणजे बाहेरून दिसणारे दोन्ही बाजूंचे दगड. मोठे, घडीव, रेषेत. मधला रुमाल म्हणजे पूल. तिथं गवंडी डबर लावतो, म्हणजे मिळेल तो पातळ, ओबडधोबड दगड, आणि वरून मातीमुरूम भरतो. बाहेरून अठरा इंच दिसतं. आत नऊ असू शकतं. आत काहीही असू शकतं.

"तोंडाला घडीव, पोटात डबर," आबा म्हणाले. "सायब बाजूला हुबा राहून बघतो. गाडी मधनं जाती."

मी म्हणालो, आबा, हे तिकडचं काम आहे, आपल्यासारखं नसतं.

"तिथला बी गवंडीच असंल की," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

वल्लरी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, माय बुक्स लाह," आणि वह्या ओढून घेतल्या. रुमाल टेबलावर आडवा पडला. मी त्या रुमालाकडं बघत राहिलो.

रिपोर्ट उघडला. जाडी ४५० मिलिमीटर. शेजारी एक चौकट असते, तिथं दोनच पर्याय: मोजलेली किंवा गृहीत. गृहीत निवडलं की वजनाची मर्यादा आपोआप खाली येते आणि तिकडून प्रश्न येतात. मी मोजलेली निवडलं होतं. फोटोत पट्टी होती ना. त्या महिन्यात माझ्याकडं चाळीस पूल होते, हेही खरं. पण खरं कारण ते नाही. मी गवंड्याचा पोरगा. लहानपणी आबांच्या हाताखाली मोरीच्या कमानीत दगड दिलेत मी. बाहेरचा दगड वेगळा आणि आतला वेगळा हे मला पाचवीत माहीत होतं. मी ते विसरलो कारण मला ते विसरायचं होतं. ऑफिसात कुणी विचारलं तर मी म्हणायचो, वडील कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होते. लाज वाटायची. ज्या धंद्याची लाज वाटली त्याच धंद्यातलं एक वाक्य आठवलं असतं तर पुरलं असतं.

नऊ इंच घालून गणित परत केलं. सात टन आले. बारा इंच घालून केलं, तरी दहाच. आणि बस बारा टनांची.

सिंगापूर वेल्सच्या आठ तास पुढं आहे. म्हणजे त्यांचे सकाळचे आठ पस्तीस म्हणजे आमचे दुपारचे चार पस्तीस, शुक्रवारचे. हे मी बोटांवर तीनदा मोजलं. त्या क्षणी तिकडं ऑफिस उघडं होतं, पण सरांना विचारल्याशिवाय तिकडं फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला मी शिरीष सरांच्या केबिनमध्ये गेलो. शिरीष सर माझे मॅनेजर, कोथरूडचे. एरवी इंग्रजी बोलतात. दार लावून मराठी सुरू केलं की समजायचं, हे बाहेर जाता कामा नये. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की इतक्या जुन्या कमानीत कागदावर दिसते त्याच्या दुप्पट ताकद असते, आपण नेहमीच हात राखून लिहितो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.

"दोनशे वर्षं उभा आहे रे तो."

"दोनशे वर्षं त्याच्यावरून मेंढ्या गेल्यात, सर."

ते हसले. "तुला हे एकदम सुचलं कसं?"

मी म्हणालो, वडिलांनी दाखवलं. वडील स्ट्रक्चरलवाले आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गवंडी आहेत. ऑफिसात हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

"बरं," शिरीष सर म्हणाले. "म्हणजे आता आपले रिपोर्ट गवंड्याकडून तपासून घ्यायचे." मग खुर्ची जरा पुढं ओढून, अगदी मायेनं म्हणाले, "संकेत, तुझा वर्क पास मार्चमध्ये रिन्यू व्हायचाय ना?"

माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी माझ्यासमोरच चार ओळींचा मेल लिहिला. आतील जाडीबाबत सवडीनं खुलासा व्हावा, अशा अर्थाचा. पाठवला. आपण कळवलं, आपलं काम झालं, असं म्हणाले. तेव्हा तिकडं रात्रीचे सव्वादोन वाजले होते. त्यांचं ऑफिस नऊला उघडतं. बस आठ पस्तीसला पुलावर येते. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनाही ते माहीत होतं; माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं एवढंच. वर त्यांनी बजावलं, क्लायंटशी फक्त मी बोलतो.

जेवणाच्या सुट्टीत मी पोट बिघडल्याचं सांगून निघालो. खोटं नव्हतं ते. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फलाटावरून बायकोला फोन केला. रुचिरा त्या दिवशी बेडोकला मैत्रिणीकडं होती. मी बोलत राहिलो, ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पास गेला की देश सोडायला तीस दिवस मिळतात." हा नियम आम्हां सगळ्यांना पाठ असतो. इथं कुणीही त्याच्याबद्दल मोठ्यानं बोलत नाही, पण पाठ असतो. वल्लरीची शाळा, घराचा करार, तिचा स्वतःचा इथं राहायचा हक्क, सगळं माझ्या एका कार्डाला बांधलेलं.

मग तिनं विचारलं, "किती मुलं?"

"तेहतीस सीटची बस आहे."

"मग मला कशाला विचारतोस?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती रागावली की तिनं होकार दिला, ते मला आजही माहीत नाही.

दोन वाजता मी घरी पोचलो. आमचा क्लायंट म्हणजे तिथली कौन्सिल, आपल्याकडची पालिकाच. तिचा चोवीस तासांचा नंबर वेबसाइटवर सहज मिळाला. फोन केला तो चार वाजायला दहा मिनिटं असताना. मधले जवळजवळ दोन तास मी काय केलं? काही नाही. पलंगाच्या कडेला बसलो. नंबर टाइप केला, पुसला. आबा दोनदा दारात येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "झालं का?" मी म्हणालो, करतो. वल्लरी शाळेतून आली, तिनं दप्तर टाकलं, ती मिलो, म्हणजे चॉकलेटचं दूध, मागायला लागली. ती दप्तर टाकते तो आवाज रोजचाच आहे. त्या दिवशी मी दचकलो.

मला पुलाची भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त माझी स्वतःची कातडी जाईल याची वाटत होती. हे लिहायला बरं वाटत नाही. पण हे गाळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

तिकडं एका बाईनं फोन उचलला. आवाज झोपाळू, पण माणूस चांगला. मी म्हणालो, पूल क्रमांक चारशे सतरा. तिला नंबर ठाऊक नव्हता. मी नाव घ्यायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग मी फोटोंमधलं सांगायला लागलो. अलीकडं पांढरं चॅपेल, म्हणजे छोटं चर्च आहे, त्याचं दार निळं. पलीकडं उतार, तिथं मेंढ्या धुवायचं दगडी कुंड. कठड्याचा डावीकडचा तिसरा दगड नवा आहे, फिकट रंगाचा. मी बोलत असताना माझ्याच लक्षात आलं की मला तो पूल माझ्या बिल्डिंगपेक्षा जास्त पाठ होता.

"अच्छा, आमचा तो," ती म्हणाली. मग विचारलं, तुम्ही कोण, कुठून बोलताय, पूल धोकादायक आहे असं तुमचं म्हणणं आहे का?

इथं मला नीट बोलायचं होतं. मी म्हणालो, "तो धोकादायक आहे की नाही हे मला माहीत नाही. पण मला माहीत आहे असं मी लिहून दिलंय. ते चूक आहे."

मग तिनं माझं पूर्ण नाव विचारलं, स्पेलिंगसकट, आणि कंपनीचं नाव. मी दोन्ही सांगितलं. पूल बंद करायचा अधिकार तिला नव्हता. ड्युटीवरच्या इंजिनिअरला उठवते, तो तुम्हाला फोन करेल, असं ती म्हणाली. चार वाजून चार मिनिटं झाली होती.

मग वाट बघणं. आबा समोर खुर्चीत, हात गुडघ्यांवर. मी घड्याळाकडं बघत होतो, ते माझ्याकडं. खालून बसचा दरवाजा उघडल्याचा सुस्कारा ऐकू आला. चार पंधरा. चार वीस. मी परत फोन लावला, तर लाइन बिझी. त्या बाईनं चुकीचा नंबर लिहून घेतला असेल का? मी वेडा आहे असं समजून तिनं फोन ठेवून दिला असेल का? चार पंचवीसला मी उठून बाल्कनीत गेलो, परत आलो, परत गेलो.

चार एकतीसला फोन वाजला. पुरुषाचा आवाज, नाव गॅरेथ. मागं वारा आणि पाण्याचा आवाज. तो पुलावरच पोचला होता. गाडी आडवी लावली आहे, असं म्हणाला.

मी विचारलं, बस?

"ती गेली," तो म्हणाला. वळणाचा रस्ता लांब पडतो म्हणून ड्रायव्हर आज लवकर निघाला होता. गॅरेथ चॅपेलपाशी पोचला तेव्हा बस पलीकडचा चढ चढत होती. पाच मिनिटांपूर्वी.

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती तिथं, तरी बसलो. फरशीवर. पलंगाच्या कडेला घालवलेले ते दोन तास एकदम माझ्या छातीवर येऊन बसले. तेवढी मुलं त्या रुमालावरून गेली होती आणि मी नंबर टाइप करून पुसत होतो.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"बस गेली आबा. काही झालं नाही. पार गेली."

आबांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं काहीच दिसलं नाही. म्हणाले, "एकदा गेली म्हंजी काय? मोरी एका गाडीनं पडत न्हाई. धा गाड्या जात्यात आन् अकरावी घिऊन बसती." मग फोनकडं हात करून, "त्याच्यापाशी हातोडा हाय का इचार."

होता, गाडीत. आबांनी सांगितलं ते मी इंग्रजीत सांगत गेलो. कमानीखाली जा. आधी कडेच्या दगडावर मार. मग सरळ रेषेत मधे ये आणि तिथं मार. फोन उघडा ठेव. गॅरेथनं विचारलं, हे कोण सांगतंय? मी म्हणालो, माझे वडील, गवंडी आहेत. तो म्हणाला, बरं. त्याच्या या 'बरं'मध्ये आणि शिरीष सरांच्या 'बरं'मध्ये दहा हजार किलोमीटरचं अंतर होतं.

मी फोन स्पीकरवर टाकला. आबा टेबलावर वाकले. वल्लरी मिलोचा पेला धरून दारात उभी होती, तिला मी हातानंच गप्प केलं. पाण्याचा आवाज मोठा झाला, म्हणजे तो खाली पोचला. मग हातोडा पडला. ठण. परत, ठण. स्वच्छ, भरीव, देवळातल्या पायरीवर मारल्यासारखा.

"ह्यो तोंडाचा," आबा म्हणाले.

पाण्यातून चालल्याचे आवाज आले. मग बद्द. थांबून, पुन्हा बद्द. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. आबांनी डोळे मिटले. तिसऱ्या वेळी बद्दच्या मागोमाग काहीतरी बारीक, खडबडीत पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि ते थोडा वेळ पडतच राहिलं.

मी विचारलं, काय पडलं?

"चुना," तो हळूच म्हणाला. "आणि माती." मग जरा वेळानं, त्याहूनही हळू, जसं कुणी झोपलेल्या कुत्र्याशेजारी बोलतं तसं म्हणाला, "मी आता याच्या खालून बाहेर येतो."

त्याची पावलं ऐकू येत होती. आम्ही तिघं ती पावलं मोजत होतो. तो काठावर चढला तेव्हा आबांनी टेबलाची कड सोडली. त्यांच्या बोटांचे ओले ठसे काचेवर राहिले.

पूल त्याच सकाळी दोन्ही बाजूंनी बंद झाला. शाळा सुटल्यावर बस मुलांना घेऊन दुसऱ्या रस्त्यानं चाळीस मिनिटं जास्त फिरून गेली, असं गॅरेथनं संध्याकाळी कळवलं.

सोमवारी माझं लॉगिन चाललं नाही. एचआरच्या मुलीनं कागद पुढं केला: क्लायंटशी परस्पर संपर्क, कंपनीच्या धोरणाचा भंग. पास रद्द, तीस दिवस. चुकीची जाडी लिहिल्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. त्यासाठी काढलं असतं तर मी मान खाली घालून गेलो असतो. शिरीष सर केबिनमधून बाहेर आले नाहीत. नंतर एका सहकाऱ्यानं सुधारलेल्या रिपोर्टचं पहिलं पान दाखवलं. चौकटीत आता गृहीत असं होतं, आणि खाली एक वाक्य: सिंगापूर टीमच्या काटेकोर फेरतपासणीमुळे ही बाब वेळीच निदर्शनास आली.

वेळीच. तो शब्द मी बराच वेळ वाचत राहिलो. शिरीष सरांनी तो खोटा लिहिला, पण मलाही तो खरा करता आला नाही. बस नशिबानं गेली. माझ्यामुळं नाही.

आता घरात खोकी भरायचं काम चाललंय. रुचिरा त्यांच्यावर नंबर घालते, वल्लरी आमच्याशी बोलत नाही. आबांना एकच उत्सुकता आहे, आत नक्की किती इंच निघतं. गॅरेथनं सांगितलंय की एक भोक पाडून बघायचं ठरलंय, पण वास्तू जपलेली, त्या एका भोकाच्या परवानगीला आठ आठवडे लागतील. आमच्याकडं उरलेत एकवीस दिवस.

"कराडला कळवंल की तो," आबा म्हणतात. "नंबर दिलाय न्हवं त्याला माझा?"

दिलाय. पण दुपारचे चार वाजले की मी हातातलं काम ठेवतो आणि फोन समोर घेऊन बसतो. पूल बंद आहे, त्याच्यावर काही येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी पाच वाजेपर्यंत उठवत नाही. आणि त्या महिन्यात मी असंच मोजलेली लिहून दिलेल्या उरलेल्या एकोणचाळीस पुलांची यादी माझ्या बंद झालेल्या लॉगिनमध्ये आहे. कालच मी त्यातली आठवतील तेवढी नावं वहीच्या पानावर लिहून काढली. सव्वीस आठवली. आज पहिला फोन केला.